ताऱ्यांची नोंदवही

दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत भिगवण मागं पडलं, की पुढच्या काही स्टेशनांनंतर जेऊर येतं. गाव करमाळा तालुक्यातलं, जिल्हा सोलापूर. पण आम्हा इंदापूर-बारामतीकडच्या माणसांना जेऊर परकं नाही. मध्ये भीमा आहे, एवढंच. आता तर उजनीच्या पाण्यानं ते अंतर थोडं रुंद केलंय. या जेऊरच्या माळावर २२ जानेवारी १८९८ रोजी, शनिवारी भर दुपारी, जगातल्या नामवंत वेधशाळांची माणसं दुर्बिणी लावून उभी होती. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं. चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर उतरली, सह्याद्री ओलांडून आपल्या या कोरड्या मुलखावरून गेली आणि वऱ्हाडातून पुढे बिहार-नेपाळकडे निघून गेली. जेऊरला सूर्य पुरता झाकलेला राहिला तो जेमतेम दोन मिनिटं.

दोन मिनिटांसाठी लोक सातासमुद्रापलीकडून आले. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल आले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ सोबत होत्या आणि त्यांनी मोहिमेच्या कामात प्रत्यक्ष हातभार लावला. त्यांच्याबरोबर चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. आणि आपल्या पुण्याहून आले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवणाऱ्या या पारशी गृहस्थांनी भावनगरच्या महाराजांची पाच हजारांची देणगी आणि सरकारची तेवढीच भर यांतून पुण्यात वेधशाळा उभी केली होती. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. १८९६ साली हेच नायगमवाला ग्रहण पाहायला थेट नॉर्वेला गेले होते, पण तिथं ढगांनी घात केला. जेऊरचं आभाळ मात्र स्वच्छ निघालं.

हे सगळं घडलं ते दिवस लक्षात घ्यायला हवेत. आदल्या वर्षी दुष्काळानं माणसं खंगली होती. प्लेग गावोगाव पसरत होता. पुण्यात रँडचा वध होऊन सात महिनेच झाले होते. अशा काळात, ज्याला आकाशाचं वेड नाही त्यानं विचारावं, की या दोन मिनिटांच्या अंधाराचा माणसाला उपयोग काय? प्रश्न योग्य आहे. मी काही शास्त्रज्ञ नव्हे, बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी ज्या ठिकाणी पोचलो, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

कॅम्पबेल यांच्या सामानात एक वेगळी युक्ती होती. सूर्य झाकला जाताना आणि पुन्हा उघडताना, क्षणभर त्याच्या कडेचं वातावरण तेवढं चमकतं. त्या क्षणात प्रकाशाचा वर्णपट झपाट्यानं बदलतो. साधा फोटो घेतला तर त्यातला एकच क्षण हाती लागतो. कॅम्पबेल यांनी फोटोची काचच हळूहळू सरकत ठेवली. म्हणजे काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तो बदल कसकसा होत गेला, त्याची सलग नोंद उमटली. ते चलच्चित्र नव्हतं, पण त्याच्या अगदी जवळचं होतं. वेळ काचेवर पसरवून ठेवायची ही कल्पना.

या काचा सांभाळून ठेवल्या गेल्या. पुढच्या ग्रहणांच्या काचांची त्यांत भर पडली. आणि १९३१ साली, म्हणजे जेऊरनंतर तेहतीस वर्षांनी, डोनाल्ड मेन्झेल या तरुण शास्त्रज्ञानं कॅम्पबेल यांच्या त्या सगळ्या काचा मोजून सूर्याच्या वातावरणाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. जेऊरला काच सरकली तेव्हा मेन्झेलचा जन्मही झाला नव्हता. नोंद घेणारा एक, तिचा अर्थ लावणारा दुसरा, आणि दोघांच्या मध्ये एक पिढी. आकाशाच्या अभ्यासात हे नेहमीचंच आहे.

आता त्याच दिवशीची दुसरी गोष्ट. हीच सावली पुढे बिहारात बक्सरला पोचली. तिथं ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेची एक तुकडी होती. तिच्यात नेव्हिल मॅस्केलिन नावाचे एक जादूगार होते. रंगमंचावर जादूचे प्रयोग करणारे, खरेखुरे जादूगार! त्यांनी सिनेमाच्या कॅमेऱ्यानं ग्रहणाचं चित्रीकरण केलं. विचार करा, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचे खेळ होऊन तेव्हा दीड वर्षच झालं होतं. आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईत कुस्तीचं चित्रीकरण केलं ते पुढच्या वर्षी. म्हणजे हिंदुस्थानात सिनेमा अजून रांगतही नव्हता, तेव्हा एका हौशी माणसानं त्याचं भिंग सूर्याकडे वळवलं.

पण मॅस्केलिन यांची ती फिल्म परतीच्या प्रवासात चोरीला गेली. चोरानं डबा उचलला, आत काय आहे हे त्याला कळलंही नसेल. मॅस्केलिन यांनी हार मानली नाही. १९०० साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी दुसऱ्या ग्रहणाचं चित्रीकरण केलं. ती फिल्म लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संग्रहात टिकून राहिली आणि २०१९ साली दुरुस्त होऊन लोकांसमोर आली. बक्सरची मात्र कायमची गेली. एकाच दिवशी, एकाच सावलीखाली घेतलेल्या दोन नोंदी. एक तेहतीस वर्षांनी कामाला आली, दुसरी चोराच्या पिशवीत संपली.

नोंद हरवली की काय होतं, याचं आणखी एक उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. त्याच १८९८ च्या ग्रहणासाठी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला आले होते. किल्ल्यात त्यांच्या नावानं ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. पण लोकांच्या तोंडी गोष्ट अशी फिरते, की लॉकियरनी १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला. प्रत्यक्षात १८६८ च्या ऑगस्टमधलं ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रात गुंटूरला पाहिलं, आणि लॉकियर त्या वर्षी इंग्लंडात होते. सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्यांनी तिथूनच ऑक्टोबरात पाहिली. विजयदुर्गाचा मान त्यानं कमी होत नाही. पण तीस वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळली. आठवण अशीच असते. म्हणून वही लागते.

श्रोतेहो, सूर्य हा आपल्या घराजवळचा तारा. त्याला चंद्र झाकतो, म्हणून आपल्याला ग्रहण दिसतं. पण अशी ग्रहणं दूरच्या ताऱ्यांनाही लागतात. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो आणि आपल्याला एकच तारा काही तास फिका पडलेला दिसतो. शिवाय काही तारे स्वतःच फुगतात, आक्रसतात, भडकतात, धुळीनं झाकोळतात. ज्यांचं तेज बदलतं अशा सगळ्यांना मराठीत ‘रूपविकारी तारे’ म्हणतात.

यांतला सर्वांत प्रसिद्ध तारा ययाती तारकासमूहात आहे. अलगोल त्याचं नाव. हे नाव अरबी आहे: रास-अल-घूल, म्हणजे घूलचं, पिशाचाचं डोकं. लहानपणी आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टींत ‘घूल’ यायचा, वाळवंटात वाटसरूंना चकवणारा. त्यामुळे पुस्तकात हे नाव प्रथम वाचलं तेव्हा जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. अनेकांना वाटतं, की अरबांनी हा तारा मिचकावताना पाहिला म्हणून त्याला भुताचं नाव दिलं. ते खरं मानायला आधार नाही. ग्रीकांच्या चित्रात तिथं एका राक्षसीचं तोडलेलं डोकं आहे. अरबांनी त्याचं भाषांतर केलं. मात्र अरब-इराणी ज्योतिर्विदांनी दुसरं एक मोठं काम करून ठेवलं. अब्द अल-रहमान अल-सूफी यांनी इसवी सन ९६४ च्या सुमारास ताऱ्यांचा ग्रंथ लिहिला. जुन्या ग्रीक यादीतल्या ताऱ्यांचं तेज त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा तपासलं, आणि जिथं जुन्या पोथीशी पटलं नाही तिथं तसं लिहिलं. पोथीत आहे म्हणून खरं, असं त्यांनी मानलं नाही.

अलगोलचं तेज बदलतं, हे सतराव्या शतकात इटलीतल्या मोंतानारीनं टिपलं. पण त्याचं वेळापत्रक शोधलं ते इंग्लंडातल्या जॉन गुडरिक या मुलानं. तो लहानपणापासून ठार बहिरा होता. १७८२ साली, अठरा वर्षांचा असताना, त्यानं खिडकीतून रात्रीमागून रात्री अलगोल पाहिला आणि वहीत लिहिलं. दोन दिवस, वीस तास आणि पाऊण तास झाला की तारा पुन्हा मंद होतो. काही तरी त्याच्या आड येत असावं, असा तर्कही त्यानं केला. एकविसाव्या वर्षी तो गेला. त्याचा तर्क बरोबर होता हे शंभर वर्षांनी वर्णपटानं सिद्ध झालं.

या कामाला पुस्तकी विद्वत्ता लागते असं नाही. लागतो तो संयम आणि खरेपणा. पद्धत साधी. ज्या ताऱ्याचं तेज मोजायचं, त्याच्या जवळचे दोन न बदलणारे तारे घ्यायचे, एक थोडा तेजस्वी, एक थोडा मंद. आपला तारा दोघांच्या मध्ये कुठं बसतो ते ठरवायचं. तारीख, वेळ आणि अंदाज लिहायचा. आमच्याकडे रमजान संपताना चांद पाहणाऱ्याची साक्ष घेतात, तेव्हा वडीलधारी विचारतात, कधी पाहिला, कुठं पाहिला, बरोबर कोण होतं? तसंच हे. पाहिलं असेल तर लिहा. दिसलं नाही तर दिसलं नाही, असं लिहा. काल अमुक होता म्हणून आजही तसाच असेल, असं समजून लिहू नका.

अशी साक्ष देणारा एक मोठा माणूस बंगालात होऊन गेला. राधागोविंद चंद्र हे त्यांचं नाव. १८७८ साली जेसोरमध्ये जन्म. शाळेची प्रवेश परीक्षा त्यांना पार करता आली नाही. सरकारी खजिन्यात नाणी पारखायची नोकरी ते करत. खरं नाणं आणि खोटं नाणं ओळखणारी ही नजर त्यांनी रात्री ताऱ्यांकडे वळवली. १९१२ मध्ये त्यांनी तीन इंची दुर्बीण विकत घेतली. १९१८ साली गरुड तारकासमूहात एक नवतारा भडकला, तो त्यांनी स्वतंत्रपणे हेरला. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारी एक संस्था अमेरिकेत १९११ पासून काम करत होती. तिचे ते सभासद झाले. त्या संस्थेनं १९२६ साली समुद्रापलीकडून सहा इंची दुर्बीण या कारकुनाच्या घरी पाठवली. नोकरी सांभाळून, कुटुंब सांभाळून त्यांनी त्या संस्थेकडे ३७ हजारांहून अधिक निरीक्षणं पाठवली. फ्रान्स सरकारनं त्यांचा गौरव केला. म्हातारपणी नजर थकल्यावर त्यांनी ती दुर्बीण परक्याची ठेव परत करावी तशी सोपवून दिली. पुढे ती वेणू बाप्पू या थोर खगोलशास्त्रज्ञाकडे आली. बाप्पूंचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत कामाला होते, आणि विद्यार्थिदशेत बाप्पूंनीही रूपविकारी ताऱ्यांचेच वेध घेतले होते.

डोळ्याच्या साक्षीला एक मर्यादा असते. ती तपासता येत नाही. राधागोविंदांनी अमुक रात्री अमुक तेज लिहिलं, तर आपण त्यांच्यावर विश्वास ठेवू शकतो, पण त्यांच्या डोळ्यांतून पुन्हा पाहू शकत नाही. इथं चलच्चित्र कामाला येतं. साध्या लग्नातल्या व्हिडीओ कॅमेऱ्याचा हिशेब घ्या. आपल्याकडच्या पद्धतीत तो सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो. म्हणजे एक चित्र सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचं. गेल्या शतकाच्या अखेरीस कमी उजेडात पाहू शकणारे छोटे कॅमेरे स्वस्त झाले, तेव्हा जगभरच्या हौशी मंडळींनी ते दुर्बिणीला जोडले. उपग्रहाकडून मिळणारी अचूक वेळ प्रत्येक चित्रावर उमटवायची सोय केली. मग घरी बसून संगणकावर एकेका चित्रातल्या ताऱ्याचा उजेड मोजायचा.

यातली खुबी अशी, की बदलणारा तारा आणि न बदलणारा तारा एकाच चौकटीत असतात. मधून पातळ ढग गेला तर दोघेही सारखेच मंद होतात. दोघांचं प्रमाण तेवढंच राहतं. ते प्रमाण हललं, तर समजावं की खरंच ताऱ्यात काही घडलं. ग्रहणकारी जोडताऱ्याचा सर्वांत मंद क्षण यामुळे फार नेमका पकडता येतो. तो क्षण वर्षानुवर्षं ठरल्या वेळेच्या थोडा आधी किंवा नंतर येऊ लागला, तर त्याला कारण असतं. एका ताऱ्याचं द्रव्य दुसऱ्याकडे वाहत असेल, किंवा तिसरा कुणी न दिसणारा सोबती त्यांना ओढत असेल. अलगोललाही असा तिसरा सोबती आहे. मात्र सगळीकडे व्हिडीओच हवा असं नाही. तिमिंगल तारकासमूहातल्या मिरा ताऱ्याला मंद होऊन पुन्हा तेजस्वी व्हायला सुमारे अकरा महिने लागतात. तिथं आठवड्याला एकदा नुसत्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीनं पाहून लिहिलेली ओळ पुरते. ज्या गोष्टी मिनिटांत, सेकंदांत घडतात, त्यांच्यासाठी चलच्चित्र.

आणि डोळ्याचं काम संपलेलं नाही, हे आपल्या ओळखीच्या एका ताऱ्यानं नुकतंच दाखवून दिलं. मृग नक्षत्राच्या चौकोनातला तांबूस तारा आपण आर्द्रा म्हणून ओळखतो. आमच्याकडचा शेतकरी आर्द्राच्या पावसावर पेरणीचा हिशेब करतो. हा तारा २०१९ च्या अखेरीस मंद होऊ लागला आणि २०२० च्या फेब्रुवारीत एवढा उतरला, की नेहमीच्या तेजाच्या जेमतेम चाळीस टक्क्यांवर आला. दुर्बिणीची गरजच नव्हती. कारखान्यांचे गळीत हंगाम चालू होते, थंडीत फडाकडे निघालेल्या ऊसतोड्यालाही मान वर केली असती तर फरक दिसला असता. ताऱ्यानंच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आपल्या बाजूला आडवी आली, असं शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये सांगितलं. हे सांगताना त्यांच्या हाताशी मोठमोठ्या दुर्बिणींची चित्रं होती, तशीच हौशी लोकांनी कित्येक दशकं भरलेली तेजाची टिपणंही होती. ‘नेहमीपेक्षा मंद’ म्हणायला आधी ‘नेहमीचं’ कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

आता आपल्या घरचा हिशेब. नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले आणि त्यांची पुण्याची वेधशाळा बंद झाली. ती वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर एक शहर आकाशाला मुकलं. त्यानंतर १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, ती हौशी लोकांनी केली. देशातल्या अशा संस्थांमध्ये ती सर्वांत जुनी. सरकारी वेधशाळा बंद पडली तेव्हा आकाश सांभाळायला पुढे आले ते शिक्षक, कारकून, विद्यार्थी.

पण नुसतं पाहून भागत नाही, हे मला पुन्हा सांगायचं आहे. माझ्या बारामतीत मोरोपंत राहिले. त्यांनी १०८ रामायणं रचल्याचं सांगतात. सगळी काही हाती लागलेली नाहीत. कवीनं लिहिलं, पण जे जपलं गेलं तेवढंच राहिलं. आपल्या घरोघरच्या कपाटांत नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या व्हिडीओ कॅसेट आहेत. त्यांच्यावर बुरशी चढली आहे आणि त्या लावायचं यंत्रही आता घरात नाही. आज मोबाइलमध्ये जे आपण टिपतो, त्याचं दहा वर्षांनी काय होईल? मॅस्केलिन यांचा डबा चोरानं नेला. आपला डबा आपणच मोबाइल बदलताना फेकून देतो. ताऱ्यावर रात्रभर कॅमेरा रोखला आणि ती फाइल सकाळी जागा नाही म्हणून पुसली, तर बक्सर आणि आपण सारखेच. म्हणून मोजमाप करून आकडे संस्थेकडे पाठवायचे. ते एकदा तिथं पोचले, की माणूस गेला तरी राहतात.

इंदापूर-बारामतीच्या वाड्यावस्त्यांवर अजून असा अंधार आहे, ज्यासाठी शहरातली मंडळी गाडी करून बाहेर पडतात. तोही दर वर्षी थोडा थोडा कमी होतो आहे. हायमास्ट दिवे गावोगाव आले. रस्त्याला उजेड हवाच, पण तो खाली पडावा, आभाळात नाही, एवढं तरी ग्रामपंचायतीला सांगता येईल. आणि ज्या शाळेत विज्ञानाचे एखादे हौशी गुरुजी किंवा बाई असतील, त्यांनी या हिवाळ्यात दहा मुलांना एकेक शंभर पानी वही द्यावी. डिसेंबरात संध्याकाळी उत्तर-पूर्वेला, कृत्तिकांच्या जरा वर ययाती असतो. अलगोल शोधावा. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहावा. तारीख, वेळ, तेज, आणि खाली पाहणाऱ्याचं नाव. वर्षाखेरीस दहा वह्या समोरासमोर ठेवल्या, की कुणी पाहून लिहिलं आणि कुणी शेजाऱ्याचं पाहून लिहिलं, हे ताराच सांगेल. त्यातली खरी वही शाळेच्या कपाटात नको. ती पुण्याला, आणि पुढे जगाला पाठवावी.